स्क्रीनवरचा कचरा वाचायचा असतो

सर्व्हरला जोडलेल्या पीसीच्या काळ्या खिडकीत अचानक रेघा आणि भलतीच चिन्हं उमटू लागली की निदान ठरलेलं असतं: ‘व्हायरस शिरला!’ बडोद्यात मकरपुऱ्याच्या एखाद्या वर्कशॉपात मशीनच्या कंट्रोलरवर लिंबू-मिरचीसुद्धा लटकलेली असते. लिंबू बदलून उपयोग नाही. कोणती अक्षरं बिघडली आणि कोणती शाबूत राहिली, तेवढं बघा.

ही काळी खिडकी उघडणारा पुटीसारखा (PuTTY) प्रोग्राम जुन्या टर्मिनलचं, म्हणजे दूरच्या संगणकाला तारेने जोडलेल्या पडदा-कीबोर्डचं, सोंग घेतो, मुख्यतः १९७८ च्या व्हीटी१०० चं आणि त्याच्या वंशजांचं. त्या यंत्रात मजकूर आणि हुकूम एकाच तारेतून यायचे. २७ क्रमांकाचा बाइट, म्हणजे एस्केप, आला की पुढचं छापायचं नाही, पाळायचं. एस्केप, डावा गोल कंस, शून्य असे तीन बाइट आले की अक्षरांऐवजी चौकटी आखायचा संच लागू होतो. मग छोटा ‘क्यू’ आडवी रेघ होतो, ‘एक्स’ उभी. ‘एल, के, एम, जे’ हे चार कोपरे. बदल फक्त ९५ ते १२६ या क्रमांकांत (छोटी अक्षरं यातच येतात) होतो, म्हणून आकडे आणि कॅपिटल अक्षरं जशीच्या तशी राहतात. हीच खूण! चौकट आखता आखता प्रोग्राम मध्येच मेला, तर परत फिरायचा हुकूम (एस्केप, कंस, कॅपिटल ‘बी’) येतच नाही. तेव्हा आंधळेपणाने ‘रीसेट’ ही कमांड इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. टाइप केलेलंही रेघांत दिसेल, पण सर्व्हरकडे अक्षरं बरोबरच पोहोचतात. बिघाड फक्त दाखवण्यात आहे. एंटर चालत नसेल तर कंट्रोल-जे, रीसेट, पुन्हा कंट्रोल-जे.

इंग्रजी ठीक आणि मराठीच फुटली, तर गोष्ट वेगळी. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या बाइटांत लिहायच्या पद्धतीत, ‘बडोदे’ हे पाच खुणांचं: ब, ड, ओकार, द, एकार. प्रत्येकीचे ३ बाइट, एकूण १५. टर्मिनल विंडोज-१२५२ वर, म्हणजे एका बाइटला एक चिन्ह मानणाऱ्या जुन्या पद्धतीवर, असेल तर १५ सुटी चिन्हं दिसतात. दर तिसरं चिन्ह डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि ओकार-एकाराच्या जागी त्याच्या शेजारी येनचं चिन्ह. पुटीत विंडो, ट्रान्सलेशन इथे जाऊन यूटीएफ-८ निवडा.

मशीन आणि पीसी जोडणाऱ्या सिरियल केबलवर साधारण निम्मी अक्षरं बरोबर, निम्मी विचित्र, असं असेल तर पॅरिटी तपासा, म्हणजे ‘१’ ची संख्या सम किंवा विषम ठेवायला जोडलेला जादा बिट. मशीन ७ बिट, सम पॅरिटीने बोलतंय आणि पीसी ८ बिट, पॅरिटीशिवाय ऐकतोय. कॅपिटल ‘ए’च्या सात बिटांत दोन ‘१’ आहेत, तो वाचतो, ‘सी’त तीन, म्हणून आठवा बिट १ होतो आणि ६७ चे १९५ होतात. सगळंच अगम्य असेल तर दोन्हीकडचा वेग जुळत नाही: सेकंदाला ९६०० बिट असतील तर एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंदांचा, १९२०० ला त्याच्या निम्मा.

बॅकस्पेस दाबल्यावर टोपी (^) आणि ‘एच’ उमटतात? पीसी ८ पाठवतोय, सर्व्हरला १२७ हवाय. पुटीच्या कीबोर्ड पानावर बदलून टाका. प्रत्येक अक्षर दोनदा दिसत असेल तर लोकल एको, म्हणजे टाइप केलेलं पीसीनेच पडद्यावर दाखवणं, बंद करा.

आणि पडदा नुसता गोठला असेल तर कनेक्शन तोडण्याआधी कंट्रोल-क्यू दाबून बघा. फाइल सेव्ह करायच्या सवयीने बोट कंट्रोल-एसवर गेलेलं असतं, आणि टर्मिनलच्या भाषेत त्याचा अर्थ ‘थांब’ असा आहे.