‘लरूज प्रकरण’: एका पेपरात पडलं, दुसऱ्यात गाजलं

१८६०च्या दशकातल्या फ्रेंच वर्तमानपत्रांत पानाच्या खालच्या भागात एक आडवी रेघ असे. वर बातम्या, खाली क्रमशः कादंबरी. त्या खालच्या पट्ट्याला पॅरिसचे पत्रकार ‘तळमजला’ म्हणत. फ्रेंच पोलीस कादंबरीचा जन्म या तळमजल्यावरचा, आणि तोही सहजासहजी झालेला नाही.

एमील गाबोरियो हा सोंतोंज भागातल्या सोजों गावात १८३२ साली जन्मलेला माणूस. पॅरिसमध्ये तो पॉल फेवाल या लोकप्रिय कादंबरीकाराचा लेखनिक होता. मालकासाठी न्यायालयं आणि पोलीस ठाण्यांतून मालमसाला गोळा करता करता त्याला स्वतःचा विषय सापडला असावा. ‘लाफेर लरूज’, म्हणजे ‘लरूज प्रकरण’, ही त्याची कादंबरी आधी ‘ल पेई’ या दैनिकात क्रमशः आली आणि कुणी ढुंकून पाहिलं नाही. पुढे १८६६ साली ‘ल सोलेय’ने तीच कादंबरी पुन्हा छापली. या वेळी लोक पुढच्या अंकाची वाट पाहू लागले, आणि त्याच वर्षी दाँत्यू या प्रकाशकाने तिचं पुस्तक काढलं.

फरक पडला तो वाचकवर्गाचा. ‘ल सोलेय’चा मालक मोईझ मियो. १८६३ साली त्याने ‘ल पती जुर्नाल’ काढलं होतं, किंमत पाच सांतीम. राजकीय बातम्या टाळल्या की वर्तमानपत्राला मुद्रांक-कर लागत नसे, म्हणून एवढं स्वस्त देणं परवडायचं. राजकारण नाही, मग पानं भरायची कशाने? खून, खटले आणि कादंबऱ्यांनी. अशा माणसाला गाबोरियो मिळणं म्हणजे दुधात साखर. त्याने लेखकाला बांधूनच घेतलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत ‘ओर्सिव्हालचा खून’, ‘फाइल क्रमांक ११३’ आणि १८६८ साली ‘मस्यू लकॉक’ अशी रांग लागली. या प्रकाराला तेव्हा ‘न्यायालयीन कादंबरी’ म्हणत. ‘पोलीस कादंबरी’ हे नाव बऱ्याच नंतरचं.

‘लरूज प्रकरणा’ची कथा पॅरिसजवळच्या बूजिवालशेजारच्या ला जाँशेर खेड्यात सुरू होते. विधवा लरूज दोन दिवस दिसली नाही म्हणून गावच्या बायका पोलिसांकडे येतात. तपासात ताबारे नावाचा म्हातारा शिरतो. हा गहाणपेढीतला निवृत्त कारकून, गुन्ह्यांच्या पुस्तकांचा नादी. चौदा-पंधरा तास चालणारं भिंतीवरचं घड्याळ पाच वाजता बंद पडलेलं त्याला दिसतं. बाई त्याला रोज रात्री झोपण्यापूर्वी साखळी ओढून चावी देत असणार. मग पाचला कसं थांबलं? साखळी ओढायला तिने हात घातला आणि तेवढ्यात दार वाजलं. म्हणजे खुनी रात्री, ती झोपायच्या तयारीत असताना आला. अशी पानं आजही झपाट्याने वाचून होतात. पुढे अदलाबदल झालेली पोरं आणि सरदार घराण्यातली भानगड सुरू झाली की मात्र कथा रेंगाळते. तळमजला रोज भरायचा तर होताच!

गंमत म्हणजे, पुढे गाजलेला गुप्तहेर लकॉक इथे अगदीच किरकोळ आहे: कायद्याशी समेट केलेला जुना गुन्हेगार. चोराचा पोलीसप्रमुख झालेल्या विदॉक या खऱ्या माणसाची सावली त्याच्यावर स्पष्ट दिसते. नायक झाल्यावर गाबोरियोने त्याचा भूतकाळ धुऊन काढला. ‘मस्यू लकॉक’मध्ये तो एका खगोलशास्त्रज्ञाकडचा गरीब नोकर होता, डोक्यात चोरीचे बेत रचायचा, एवढंच. मालकाने ते ऐकून सांगितलं, नामांकित चोर हो नाहीतर थोर पोलीस.

गाबोरियो १८७३ साली चाळिशीतच गेला. १८८७ साली शेरलॉक होम्सने पहिल्याच कादंबरीत लकॉकला ‘भिकार धांदरट’ ठरवलं. ‘मस्यू लकॉक’मधल्या कैद्याची ओळख पटवायला आपल्याला चोवीस तास पुरले असते, म्हणाला. होम्सचा लेखक कॉनन डॉयलने आत्मचरित्रात मात्र गाबोरियोच्या कथानकांची घट्ट सांधेजोड आपल्याला आवडायची, हे कबूल केलं आहे. १८८८ साली कुरोइवा रुइको या जपानी लेखकाने ‘माणूस की राक्षस’ अशा अर्थाच्या नावाने ‘लरूज प्रकरणा’ची कथा जपानीत आणली, तीही निरपराधाला फासावर चढवण्याच्या धोक्याकडे बोट दाखवत.

तो धोका मूळ पुस्तकातच आहे. ताबारेचं तर्कशास्त्र एका निर्दोष माणसाला तुरुंगात पोहोचवतं, आणि शेवटच्या पानांवर हा हौशी गुप्तहेर फाशीची शिक्षा रद्द व्हावी म्हणून अर्जांवर सह्या करताना दिसतो.