युरिया पडला, पण मुळी कुठंय?

आमच्या सांगलीकडच्या वाळवा तालुक्यात उसाची आडसाली लागण, म्हणजे पावसाळ्यात लावलेला ऊस, पावसात पिवळी पडली, की बांधावरचं बोलणं ठरलेलं असतं. "आण्णा, युरियाचं पोतं टाकून बारा दिवस झालं, काळोखी काय येईना." "टाक की अजून एक." काळोखी म्हणजे उसाच्या पानावर चढणारा काळसर हिरवा रंग. तो नत्रानं येतो, हे इथं शाळकरी पोरालाही माहीत असतं. पण दुसरं पोतं फोडण्याआधी खुरपं घेऊन बुडखा उकरून बघणारा विरळाच.

गेल्या पावसाळ्यात मी उकरून बघितला. लागण दीड महिन्याची, सरीत पाणी तुंबलेलं, मातीला कुजका वास. लावलेल्या उसाच्या कांडीच्या डोळ्याजवळच्या कड्यातून निघालेल्या केसासारख्या बारीक मुळ्या काळ्या पडल्या होत्या. चिमटीत धरून ओढली की साल निघून बोटाला चिकटायची आणि मागं नुसता दोरा उरायचा. कोंबाच्या बुडाला पांढरी मुळी होती, पण मोजून चार.

या दोन मुळ्या वेगळ्या आहेत. काळी पडलेली ती कांडीची मुळी. ती तशीही तात्पुरतीच, कोंब स्वतःच्या पायावर उभा राहीपर्यंतची. पुढं वर्षभर उसाला पोसते ती कोंबाच्या आणि फुटव्यांच्या बुडातून येणारी जाड पांढरी मुळी. आडसालीला हेक्टरी 400 किलो, म्हणजे एकरी 160 किलो नत्राची शिफारस आहे. त्यातलं लागणीवेळी द्यायचं फक्त 10 टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी 40, बारा ते सोळा आठवड्यांनी 10 आणि मोठ्या बांधणीला, म्हणजे उसाच्या बुडाला मातीची भर लावताना, उरलेलं 40. हे हप्ते उगाच पाडलेले नाहीत. सुरुवातीला एवढं नत्र ओढणारी मुळीच जमिनीत नसते.

युरिया मातीत पडला की काही दिवसांत त्याचं अमोनियम होतं आणि मग जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. अमोनियमवर धन भार असतो, म्हणून आपल्या काळ्या मातीचे कण त्याला धरून ठेवतात. नायट्रेट ऋण भाराचं, त्याला माती धरत नाही. ते पाण्याबरोबर हलतं. पानं ऊन खात पाणी ओढतात, तेव्हा त्या पाण्याबरोबर नायट्रेट मुळीपाशी येतं. आणि पाटाला सैल हातानं पाणी सोडलं, की त्याच वाटेनं मुळीच्या खाली निघून जातं, पुढं कुणाच्या तरी विहिरीत.

बरं, मुळीच्या दारात आलं म्हणजे आत गेलं असंही नाही. मुळीच्या पेशीत नायट्रेट बाहेरच्यापेक्षा जास्त असतं, शिवाय पेशीची आतली बाजूही ऋण भाराची. म्हणजे ते चढाला लागल्यासारखं आत ओढावं लागतं. त्याला ऊर्जा लागते, ऊर्जेला श्वास लागतो आणि श्वासाला मातीच्या पोकळीतली हवा. आपले जुने लोक वाफशावर, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असण्यावर, एवढा जोर का देत, ते इथं कळतं. सरी तुंबली की ही हवा संपते. मुळी गुदमरते, आणि हवेवाचून जगणारे जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरून श्वास घेतात. नत्राचा वायू होऊन उडून जातो. तुंबलेल्या सरीत टाकलेल्या दुसऱ्या पोत्यातलं बरंच नत्र असंच वाया जाऊ शकतं.

मुळी जिवंत असली, तर मात्र ती फार हुशार असते. माल्कम ड्रू यांनी इंग्लंडमध्ये बार्लीच्या मुळीच्या फक्त मधल्या टप्प्याला भरपूर नायट्रेट दिलं, वरच्या-खालच्या भागाला अगदी थोडं. 1975 साली त्यांनी मांडलेल्या निष्कर्षांत दिसलं, की नेमक्या त्या मधल्या पट्ट्यात उपमुळ्यांची दाटी झाली होती. 2014 साली जपानी शास्त्रज्ञांनी आणखी पुढची गोष्ट दाखवली. उपाशी मुळी एक छोटं प्रथिनासारखं रसायन वर पाल्याकडं धाडते, आणि मग जिथं नत्र आहे तिथल्या मुळ्या जास्त ओढायला लागतात. खालून तक्रार, वरून हुकूम. आमच्या सोसायटीपेक्षा हा कारभार बरा चालतो!

आणि ही यंत्रणा केवढी पसरते? अमेरिकेत हॉवर्ड डिट्मर यांनी राय नावाच्या धान्याचं चार महिन्यांचं एकच रोप घेऊन त्याच्या मुळ्या मोजल्या. 1937 सालची गोष्ट. एकूण लांबी भरली सुमारे 620 किलोमीटर. सांगलीहून मुंबई गाठावी आणि परत साताऱ्याच्या जवळपास यावं, तेवढी. त्यावरची केसमुळं यात धरलेली नाहीत.

खोडव्यात, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकात, हाच हिशेब पुन्हा मांडावा लागतो. ऊस तुटल्यावर जुना जारवा, म्हणजे जुन्या मुळ्यांचं जाळं, हळूहळू मरतो आणि नव्या फुटव्यांना स्वतःची मुळी फुटते. म्हणून बगला फोडायच्या, म्हणजे सरीच्या दोन्ही बाजूंची माती नांगरून मोकळी करायची. पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, रानात ठेवलं असेल तर खत त्यावर फेकायचं नाही. बुडख्यापासून चार-सहा बोटं सोडून पहारीनं वीतभर खोल भोक पाडायचं, त्यात खत घालून मातीनं बुजवायचं. कंटाळवाणं काम आहे आणि मजुरी जास्त पडते, खरंय. पण पाचटावर पडलेल्या युरियाचा अमोनिया होऊन वाऱ्यावर जातो, त्याची किंमत कुणी वहीत मांडत नाही.

आमच्या त्या पिवळ्या लागणीला दुसरं पोतं घातलं नाही. खालच्या अंगाला चर मारून पाणी काढलं आणि वाफसा यायची वाट बघितली. आठवड्यानं उकरलं तेव्हा बुडाला पांढऱ्या मुळीचा झुपका होता, टोकं काचेसारखी. मग थोडा युरिया सरीच्या बगलेत घालून मातीआड केला. शेजारच्या आण्णांनी मात्र तोवर दुसरं पोतं फोडलं होतं, भर पावसात.