महाबळेश्वरचे पॉइंट

महाबळेश्वरचे पॉइंट : सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर पठाराच्या कडेवर दरी पाहण्यासाठी बांधून काढलेल्या जागा. सह्याद्रीचा असा देखावा टिपायचा तर एरवी गड चढावा लागतो. इथे गाडी उभी करून थोडे चालले की दरी समोर येते, त्यामुळे जड ट्रायपॉड घेऊन आलेल्या छायाचित्रकाराची आणि गुडघे दुखणाऱ्या आजीची सारखीच सोय होते.

ही सोय मुळात भूरचनेने केली आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर इथे एकावर एक साचले आणि माथ्यावर जांभ्याचे कठीण झाकण तयार झाले. माथा सपाट असल्याने रस्ता थेट कडेपर्यंत नेता येतो, आणि कडा संपताच जमीन एकदम खाली तुटते. जनरल पीटर लॉडविक १८२४ मध्ये हा डोंगर चढून आला. पुढे मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने इथे थंड हवेचे ठिकाण वसवले. आजची पॉइंटांची बरीच नावे त्या काळातल्या इंग्रजांची आहेत.

छायाचित्रासाठी पॉइंट निवडायचा तो घड्याळ बघून. विल्सन पॉइंट (सुमारे १,४३९ मीटर) सूर्योदयासाठी प्रसिद्ध आहे. केट्स पॉइंटवरून कृष्णेचे खोरे आणि धोम धरणाचे पाणी दिसते. तिथेच नीडल होल नावाचे, हत्तीच्या सोंडेसारख्या दिसणाऱ्या खडकातले आरपार भोक आहे. हिवाळ्यात सकाळी खोऱ्यात धुके साठलेले असले तर हीच बाजू आधी गाठावी. पश्चिमेकडची कोकणदरी सकाळी स्वतःच्याच सावलीत असते. तिकडे दुपार कलल्यावर जावे. मुंबई पॉइंट आणि लॉडविक पॉइंट इथून प्रतापगड दिसतो. सूर्य मावळण्याची जागा वर्षभर सरकत असते: डिसेंबरात तो नैऋत्येकडे झुकतो, जूनमध्ये वायव्येकडे. म्हणून एकाच पॉइंटवरचे जानेवारीतले आणि मे महिन्यातले चित्र वेगवेगळे येते. मुंबई पॉइंटवर सूर्य बुडताच गर्दी पांगते, पण आभाळाचा खरा रंग बहुधा त्यानंतरच चढतो. तेव्हा घाईने ट्रायपॉड गुंडाळू नये.

सर्वांत देखणा आर्थर्स सीट. बाजारापासून तो बराच लांब, शेवटी पायऱ्या आणि पायवाट आहे, तरीही एक दिवस हाताशी असेल तर तो इथेच घालवावा. एका अंगाला सावित्रीची खोल दरी, दुसऱ्या अंगाला जोर गावाकडचे कृष्णेचे खोरे. समोरच्या कड्यावर लाव्हाचे थर स्पष्ट वाचता येतात: कठीण थरांच्या उभ्या भिंती, मऊ थरांवर गवताच्या आडव्या पट्ट्या. ऊन तिरपे झाले की प्रत्येक पट्टीखाली सावलीची रेघ उमटते आणि कड्याला खोली येते. भर दुपारी तोच कडा सपाट दिसतो. रुंद भिंगाने सगळी दरी एका चौकटीत कोंबण्याचा मोह होतो, पण लांब भिंगाने चारपाच थरांचा तुकडा घेतलेले चित्र जास्त ठसते. दरीतून वर येणारा वारा इतका जोराचा असतो की टाकलेली हलकी वस्तू परत वर येते. त्यात ट्रायपॉड थरथरतो. त्याच्या मधल्या दांड्याला पिशवी अडकवलेली बरी.

पाऊस सरून हवा धुतली गेली की ऑक्टोबर-नोव्हेंबरात लांबच्या डोंगररांगा एकामागे एक निळसर होत गेलेल्या दिसतात. मार्चनंतर धुरकट हवेत त्या पुसट होतात. पावसाळ्यात इथे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असल्याने दरी दिवसेंदिवस ढगात असते. तेव्हा पॉइंटांचा नाद सोडून लिंगमळा धबधबा आणि शेवाळलेली झाडे यांच्याकडे वळावे. कडेची दगडमाती त्या दिवसांत सुटी झालेली असते, म्हणून चांगल्या कोनासाठी कठड्याबाहेर पाय टाकू नये. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला आहे.