नफा झाला, मग पैसे कुठे गेले?

एप्रिल आला की भोसरीच्या शेडवाल्यांचा, म्हणजे छोट्या कारखानदारांचा, त्यांचे हिशेब बघणाऱ्या मला एक प्रश्न ठरलेला असतो. "तुम्ही म्हणता दोन लाख नफा झाला. मग माझं सीसी (बँकेचं कॅश क्रेडिट, उचल) खातं तळाला का गेलंय?" दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. मी नफ्याचं बोलतोय, तो रोकडीचं.

नफा-तोटा पत्रक बिलाच्या तारखेवर चालतं. माल गेला, बिल फाडलं की विक्री धरली. पैसे कधी येतील याच्याशी त्याला देणंघेणं नाही. रोकड म्हणजे खात्यात आज आहे तेवढी.

एक ऑर्डर घेऊ. मार्चमध्ये १० लाखांचं काम दिलं. १८ टक्के जीएसटी धरून बिल ११.८० लाखांचं. पत्रा ६ लाखांचा, वर १.०८ लाख जीएसटी, आणि पत्रेवाला पैसे घेतल्याशिवाय माल सोडत नाही. मजुरी आणि वीज २ लाख. जीएसटी सरकारचा, तो नफ्यात धरायचा नाही. १० वजा ८, नफा दोन लाख.

आता खिसा बघा. पत्रा आणि मजुरीत ९.०८ लाख गेलेच. वर २० एप्रिलपर्यंत उरलेला जीएसटी, म्हणजे बिलावरचा १.८० वजा पत्र्यावर आधीच दिलेला १.०८, ७२ हजार, भरायचा. पार्टीने दमडी दिली नसली तरी. बाहेर गेले ९.८० लाख, आत शून्य. जूनमध्ये ११.८० लाख आले की हातात बरोब्बर ते दोन लाख उरतात. तोवर सीसीचं व्याज त्यातलाच लचका तोडत असतं.

२००६ च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म-लघु उद्योगांचं बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांत चुकवावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पण मोठ्या पार्टीला व्याजाचं बिल पाठवणारा कारखानदार मला अजून भेटायचाय. पुढची ऑर्डर कोण घालवणार?

मशीनचंही तसंच. पैसे एकदम जातात, नफ्यातून मात्र दरवर्षी थोडा घसारा, म्हणजे मशीनच्या झिजेचा हिशेबी खर्च, वजा होतो. कर्जाच्या हप्त्यातलं व्याज खर्चात दिसतं, मुद्दल दिसत नाही. खात्यातून दोन्ही जातात.

उलटंही होतं. पेणचा मूर्तिकार व्यापाऱ्याकडून आगाऊ रक्कम घेतो. खातं भरलेलं, पण मूर्ती दिली नाही तोवर ती कमाई नव्हे, देणं आहे. त्या पैशात गाडी बुक करणारे थोडे नाहीत.

गंमत अशी की रोख प्रवाह पत्रकातून, म्हणजे रोकड कुठून आली नि कुठे गेली ते दाखवणाऱ्या पानातून, कंपनी कायद्याने छोट्या कंपन्यांना सूट दिली आहे. म्हणजे ज्याला ते पान रोज लागतं, त्याच्या फाइलमध्येच ते नसतं. माझा एक अशील ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो: ७ ला पगार, २० ला जीएसटी, आणि शेजारी पेन्सिलने, कुठली पार्टी खरंच पैसे देणार आहे ते.