मानसोपचारतज्ज्ञ की मानसशास्त्रज्ञ? सरकारी ओपीडीत रांग नेमकी कोणाची?

गेल्या पावसाळ्यात माझा मावसभाऊ जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात गेला. झोप उडालेली, छातीत धडधड, कामावर जायचं म्हटलं की पोटात गोळा. कुणीतरी सांगितलं होतं, "तिथे जा, बोलून मोकळा हो, पैसेही लागत नाहीत." केसपेपर काढून अडीच तास रांगेत बसला. आत गेल्यावर चार मिनिटांत दोन गोळ्या आणि "पंधरा दिवसांनी या". बाहेर येऊन मला फोन: "दादा, ऐकूनच घेतलं नाही रे त्यांनी."

ऐकून घेतलं होतं. पण तो ज्या कामासाठी गेला होता ते काम त्या खोलीत होतच नाही.

यातला अर्धा घोळ शब्दांनी केलाय. दारावर पाटी 'मानसोपचार विभाग'. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे मनावर बोलून उपचार करणारा, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात आपल्याकडे हा शब्द सायकिॲट्रिस्टसाठी रुळलाय. त्याला मनोविकारतज्ज्ञही म्हणतात आणि माझ्या मते तोच शब्द बरा. बोलून उपचार करायला शिकलेल्या माणसाला मात्र आपण 'मानसशास्त्रज्ञ' म्हणतो. ऐकून कॉलेजातले प्राध्यापक डोळ्यांसमोर येतात.

मानसोपचारतज्ज्ञ आधी एमबीबीएस, मग त्या विषयात एमडी किंवा डीपीएम ही पदविका केलेला डॉक्टर. निदान करणं, औषध लिहिणं, गरज पडली तर भरती करून घेणं ही त्याची कामं. त्या चार मिनिटांत माझ्या भावाला झोप किती, भूक लागते का, दारू घेतोस का, जीव द्यावासा वाटतो का, एवढं सगळं विचारून झालं होतं. त्याला ते प्रश्न तुटक वाटले. डॉक्टरला त्यातूनच ठरवायचं असतं की आज घरी पाठवायचं की नाही.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, एमबीबीएस नसतात. मानसशास्त्रात एमए, त्यावर बहुतेकांचं दोन वर्षांचं एमफिल आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी. गोळ्या लिहिता येत नाहीत. त्यांचं औषध म्हणजे वेळ: एका बैठकीला पाऊण तास, शक्यतो दर आठवड्याला, निदान सहा-आठ वेळा. इथेच सरकारी गणित कोलमडतं. ओपीडी सकाळभर चालते, त्यात चार-पाच बैठका झाल्या तरी खूप. शेजारच्या खोलीत तेवढ्याच वेळात डॉक्टर साठ केसपेपर हातावेगळे करतात.

बरं, त्या चार-पाच तरी होतात का? मानसशास्त्रज्ञाच्या खोलीत एकदा डोकावून पाहा. टेबलावर लाकडी पाट, त्यात चांदणी, वर्तुळ, चौकोन अशा दहा आकारांचे खळगे, आणि एक लहान मूल ते ठोकळे बसवतंय. मानसशास्त्रज्ञ बाई हातात स्टॉपवॉच धरून बसल्यात. ही बुद्धिमापन चाचणी. बौद्धिक दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी ती लागते. दहावीला सवलत हवी असलेल्या मुलांच्या अध्ययन अक्षमतेच्या दाखल्यातही मानसशास्त्रज्ञाच्या चाचण्या लागतात. दाखल्याला मुदत असते, आईबाप लांबच्या गावाहून रोजगार बुडवून आलेले असतात. मग पुढे ढकललं जातं ते बोलणं. चुकीचं कुणीच करत नाही, पण खुर्ची एकच आहे आणि कामं दोन.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे. त्याच्या पथकात कागदावर मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ दोघंही असतात. कागदावरचं पद भरलेलं असेलच असं नाही, हे तुम्हाला सांगायला नको. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आणि येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं इथे तुलनेने आशा जास्त. मनोरुग्णालय म्हटल्यावर दचकू नका, तिथे बाह्यरुग्ण विभागही असतो.

तर करायचं काय? केसपेपर त्याच खिडकीवर निघतो, रांग तीच, आधी डॉक्टरच. पण आत गेल्यावर स्पष्ट म्हणा, "डॉक्टर, मला सायकॉलॉजिस्टकडे थेरपीसाठी पाठवता का?" "मला बोलायचंय" एवढंच म्हणालात तर "बोला ना" असं उत्तर येईल आणि चार मिनिटं संपतील. डॉक्टरने केसपेपरवर तसं लिहून दिलं की मानसशास्त्रज्ञाची तारीख घ्यायची. ती बाहेरच, तोंडी, वहीत मिळते. आपण विचारलं नाही तर कुणी आपणहून देत नाही. तारीख लांबची असली म्हणून गोळ्या सोडू नका. एक मिळालं की दुसरं नको, असं काही नसतं. गोळ्यांनी झोप लागते आणि झोप लागली तरच पाऊण तास धड बोलता येतं.

'समुपदेशन कक्ष' अशी पाटी दिसली तर आत शिरण्याआधी विचारून घ्या. सरकारी रुग्णालयात तो बऱ्याचदा एचआयव्ही तपासणीचा कक्ष असतो.

१४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतूनही. रात्री दोन वाजता जीव घाबरा झाला तर जरूर लावा. पलीकडे प्रशिक्षित समुपदेशक असतो, गरज पडल्यास पुढे तज्ज्ञाशी जोडून देतो. पण दर मंगळवारी त्याच माणसाशी, गेल्या आठवड्याचा धागा धरून बोलणं ही वेगळी गोष्ट.

भावाला पाच आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. पहिल्या बैठकीत बाईंनी त्याला वहीत तीन रकाने आखायला लावले: काय घडलं, मनात काय आलं, अंगात काय झालं. पहिल्या रकान्यात त्याने लिहिलं, 'साहेबांचा मिस्ड कॉल.' दुसरा भरायला त्याला चार दिवस लागले. आतापर्यंत त्याच्या तीन बैठका झाल्यात. चौथी दोनदा पुढे गेली, दोन्ही वेळा त्या दिवशी दाखले देणाऱ्या मेडिकल बोर्डाची बैठक होती.