एबिटडा आणि ऑपरेटिंग कॅश फ्लो: हप्ता नक्की कशातून भरला जातो?

कर्जाचं प्रपोजल वाचताना हे दोन आकडे एकमेकांच्या जागी वापरलेले मी इतक्यांदा बघितलेत की आता एकदा सविस्तर लिहायचंच ठरवलं. "कंपनीचा एबिटडा २५२ आहे, वर्षाचे हप्ते व्याजासकट १२०, म्हणजे दुपटीहून जास्त कमाई आहे, द्यायला काय हरकत?" असं वाक्य नोटमध्ये येतं आणि वाचणारा मान डोलावतो. पण एबिटडा म्हणजे हातात आलेली रोकड नाही, आणि हप्ता तर रोकडीतूनच जातो.

आधी दोन्ही काय आहेत ते बघू. एबिटडा नफा-तोटा पत्रकातून निघतो. व्याज, टॅक्स, घसारा आणि अमूर्त मालमत्तेचं वार्षिक निर्लेखन, हे सगळं वजा करायच्या आधीचा नफा. धंदा स्वतःच्या जोरावर किती कमावतो, मग कर्ज किती का असेना आणि मशिनरी किती जुनी का असेना, हे त्यातून कळतं. ऑपरेटिंग कॅश फ्लो रोकड प्रवाह पत्रकातून येतो, म्हणजे रोजच्या धंद्यातून वर्षभरात खरोखर किती पैसा आत आला आणि किती बाहेर गेला. बहुतेक कंपन्या तो अप्रत्यक्ष पद्धतीने दाखवतात, नफ्यापासून सुरुवात करून घसारा परत मिळवतात आणि मग वर्किंग कॅपिटलमधला बदल धरतात, म्हणजे येणी किती वाढली, माल किती वाढला, देणी किती वाढली. दोघांमधला खरा फरक या वर्किंग कॅपिटलच्या ओळींमध्येच असतो, टॅक्स सोडला तर. आणि नेमक्या त्याच ओळी घाईत वाचल्या जातात.

एक उदाहरण घेऊ, आकडे सोपे व्हावेत म्हणून माझ्या मनाचे आहेत. एका कंपनीची पहिल्या वर्षी विक्री १२००, एबिटडा १५ टक्के म्हणजे १८०. गिराईक दोन महिन्यांनी पैसे देतं म्हणून येणी २००, गोडाऊनमध्ये माल १५०, सप्लायरचं देणं १२०. टर्म लोनचं व्याज आणि मुद्दल मिळून वर्षाला १२०. एबिटडाने भागून बघितलं तर १.५ पट, ठीकठाक. दुसऱ्या वर्षी कंपनी जोरात धावते, विक्री १६८०, मार्जिन तेवढंच १५ टक्के, म्हणजे एबिटडा २५२ आणि भागाकार २.१ पट. कागदावर कर्जदार आधीपेक्षा भक्कम झाला, बरोबर? आता बॅलन्स शीट उघडा. ही वाढीव विक्री मिळवायला कंपनीने उधारी दोनवरून तीन महिन्यांवर नेली, त्यामुळे येणी २०० वरून ४२० झाली, म्हणजे २२० अडकले. माल १५० चा २१० झाला, ६० अजून अडकले. सप्लायरनी थोडं थांबायचं कबूल केलं म्हणून देणी १२० वरून १७० झाली, तेवढे ५० वाचले. टॅक्स ३०. आता २५२ मधून २२०, ६० आणि ३० वजा करा आणि ५० मिळवा. उत्तर येतं उणे ८.

म्हणजे एबिटडाच्या हिशोबाने २.१ पट, आणि प्रत्यक्षात धंद्याने हप्त्यासाठी एक रुपयासुद्धा सोडला नाही, उलट ८ स्वतःच खाल्ले. मग हप्ता थकला का? नाही ना, तो वेळेवर भरला गेला, आणि इथेच बँकवाला फसतो. ८ आणि १२० मिळून १२८ कुठून आले ते शोधलं की बहुतेकदा सापडतं की कॅश क्रेडिटची, म्हणजे रोजच्या धंद्यासाठी बँकेकडून लागेल तसं उचलायच्या कर्जाची, लिमिट वाढवून घेतली होती. एका कर्जाचा हप्ता दुसऱ्या कर्जातून गेला आणि खातं स्वच्छ दिसत राहिलं. पुढच्या वर्षी विक्री आणखी वाढली तर आणखी लिमिट लागणार, आणि ज्या वर्षी बँक नाही म्हणेल त्या वर्षी ज्या कंपनीला नोटमध्ये भक्कम म्हटलं होतं ती अचानक आजारी दिसायला लागेल. अचानक काही झालेलं नसतं, दुसऱ्या वर्षीच्या बॅलन्स शीटमध्ये सगळं लिहिलेलं होतं.

मी नवीन असताना असंच एक प्रपोजल माझ्या हातून गेलं होतं, विक्रीची वाढ बघून मी खूश झाले होते आणि येण्यांचे दिवस, म्हणजे उधारी वसूल व्हायला सरासरी किती दिवस लागतात ते, काढलेच नव्हते. वरिष्ठांनी फाईल परत पाठवली, वर पेन्सिलने एवढंच लिहिलं होतं, "पैसे कुणाकडे आहेत?" तेव्हापासून मी आधी येण्यांचे दिवस काढते आणि मग विक्रीकडे बघते.

शब्दांमुळेही गोंधळ वाढतो. अनेक बँकांमध्ये डीएससीआर, म्हणजे कमाई वर्षाच्या हप्त्यांच्या किती पट आहे तो भागाकार, काढताना वरच्या बाजूला करानंतरचा नफा, घसारा आणि टर्म लोनचं व्याज घेतात आणि त्या नफा अधिक घसाऱ्याला कॅश अ‍ॅक्रुअल म्हणतात. नावात कॅश आहे म्हणून लोकांना वाटतं रोकड मोजली, पण त्यात वर्किंग कॅपिटलचा बदल कुठेच नाही. डीएससीआरमधला हा वरचा आकडा एबिटडाचाच सख्खा भाऊ आहे, फक्त टॅक्स कापलेला. वरच्या उदाहरणात २५२ मधून ३० टॅक्स गेला तर २२२, भागिले १२०, म्हणजे १.८५ पट, आणि अडकलेले पैसे यातही दिसले नाहीतच.

हे फक्त छोट्या कंपन्यांचं होतं असंही नाही. अमेरिकेत डब्ल्यू. टी. ग्रँट नावाची दुकानांची मोठी साखळी होती, हजारावर दुकानं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिचा नफा बरा दिसत होता, डिव्हिडंड वाटला जात होता, बँका कर्ज देत होत्या, आणि ऑक्टोबर १९७५ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. नंतर अभ्यासकांनी जुनी पत्रकं उघडून रोकड मांडली तेव्हा दिसलं की आधीच्या दहा वर्षांत बहुतेक वर्षं धंद्यातून रोकड येत नव्हती, जात होती. कारण ओळखीचंच, दुकानांची संख्या वाढली, माल भरला गेला आणि गिराइकांना सढळ हाताने उधारी दिली. त्या काळी अमेरिकेत आजच्यासारखं रोकड प्रवाह पत्रक सक्तीचं नव्हतं, तो नियम १९८७ मध्ये आला, त्यामुळे तेव्हाच्या बँकरला हा आकडा आयता मिळत नव्हता. आज मिळतो. म्हणून आज न बघणं जास्त खटकतं.

पण आता दुसरी बाजू, कारण एवढं वाचून काही जण म्हणतील की मग एबिटडा सोडा आणि फक्त कॅश फ्लो बघा. तेही चुकीचं आहे. तीच कंपनी, पण यावेळी धंदा आटतोय. विक्री १२०० वरून ९००, मार्जिन घसरून एबिटडा ६० वर. येणी वसूल झाली, २०० ची १५० झाली, ५० आले. नवीन माल भरलाच नाही, १५० चा १०० झाला, आणखी ५० आले. सप्लायरला थोडं रखडवलं, १० आले. टॅक्स शून्य धरू. ऑपरेटिंग कॅश फ्लो १७०, भागिले १२०, म्हणजे १.४ पट! एबिटडाने मोजलं तर ०.५ पट. इथे खरं एबिटडा बोलतोय. कंपनी गोडाऊन रिकामं करून आणि जुनी उधारी गोळा करून हप्ता भरतेय, आणि हे एकदाच करता येतं, पुढच्या वर्षी गोळा करायला काही उरलेलं नसतं. वाढणाऱ्या कंपनीत एबिटडा फसवतो आणि आटणाऱ्या कंपनीत कॅश फ्लो फसवतो, त्यामुळे मी एकटा आकडा मागतच नाही, दोघांमधलं अंतर मागते, आणि तेही निदान तीन-चार वर्षांचं ओळीने मांडलेलं. एखाद्या वर्षी अंतर पडणं साहजिक आहे, मोठी ऑर्डर वर्षाच्या शेवटी गेली की येणी फुगतातच. पण दरवर्षी एबिटडा वर आणि कॅश खाली, असं सलग दिसलं तर त्या नफ्यातला काही भाग कधी वसूल होणारच नाही अशी शंका घ्यायला पाहिजे.

दोन्ही आकडे वाकवता येतात, वाकवायच्या जागा मात्र वेगळ्या आहेत. एबिटडाची व्याख्या हिशोबाच्या आंतरराष्ट्रीय मानकांमध्ये नाहीच, त्यामुळे प्रत्येक जण आपल्या सोयीने "अ‍ॅडजस्टेड" एबिटडा मांडतो. एकदाच होणारा खर्च म्हणून काहीतरी परत मिळवलं जातं आणि तो एकदाच होणारा खर्च दरवर्षी होत राहतो. २०१८ मध्ये ऑफिसच्या जागा भाड्याने देणाऱ्या वीवर्क या अमेरिकी कंपनीने बाँड विकताना "कम्युनिटी अ‍ॅडजस्टेड एबिटडा" नावाचा आकडा मांडला होता, ज्यात मार्केटिंग आणि प्रशासनासारखे नेहमीचे खर्चसुद्धा बाजूला काढले होते. कर्ज देणाऱ्याने असा आकडा मिळाला की बाजूला काढलेली प्रत्येक ओळ मागायची आणि ती गेल्या तीन वर्षांत किती वेळा आली ते मोजायचं.

कॅश फ्लोला व्याख्या आहे, मानक आहे, तरी तोही सजवता येतो. वर्षअखेरीच्या आठवड्यात येणी फॅक्टरिंगला, म्हणजे उधारी विकत घेऊन लगेच पैसे देणाऱ्या संस्थेला, विकली की त्या दिवशीचा आकडा छान दिसतो. सप्लायर फायनान्समध्ये बँक सप्लायरला आधी पैसे देते आणि कंपनी बँकेला नंतर देते, हे खरं तर कर्जासारखंच, पण ताळेबंदात ते व्यापारी किंवा इतर देण्यांमध्ये बसतं, देणी वाढली की ऑपरेटिंग कॅश फ्लो चांगला दिसतो. ब्रिटनमधली कॅरिलियन ही बांधकाम आणि सेवा कंपनी जानेवारी २०१८ मध्ये कोसळली तेव्हा याच मांडणीवर खूप चर्चा झाली, आणि पुढे आंतरराष्ट्रीय मानकांमध्ये अशा व्यवस्थेची माहिती उघड करणं २०२४ पासून सक्तीचं झालं. तेव्हा देण्यांचे दिवस एकदम वाढलेले दिसले तर कंपनी सप्लायरवर वजन टाकतेय की मागे बँक उभी आहे, हे विचारायलाच हवं.

आणि एक प्रकार असा आहे ज्यात दोन्ही आकडे एकदम फुगतात. वर्ल्डकॉम या अमेरिकी टेलिफोन कंपनीने इतर कंपन्यांच्या लाईन वापरण्याचं भाडं, जे रोजचा खर्च होतं, ते भांडवली खर्च म्हणून दाखवलं, २००२ मध्ये हे उघड झालं. खर्च भांडवलात गेला की एबिटडा वाढतो, आणि तो पैसा ऑपरेटिंगऐवजी गुंतवणुकीच्या रकान्यातून बाहेर जातो म्हणून ऑपरेटिंग कॅश फ्लोही वाढतो. यावर उपाय एकच, भांडवली खर्च वजा करून उरलेली रोकडही बघायची, कारण पैसा कुठल्याही रकान्यातून गेला तरी तो गेलेला असतो.

आता दोन तांत्रिक गोष्टी पटकन सांगते, तुलना करताना या नडतात. पहिली व्याजाची. अमेरिकी पद्धतीत भरलेलं व्याज ऑपरेटिंगमध्येच वजा होतं, आंतरराष्ट्रीय मानकांमध्ये इतकी वर्षं कंपनीला ते ऑपरेटिंगमध्ये की फायनान्सिंगमध्ये हे निवडता यायचं, आणि त्यातल्याच आयएफआरएस १८ या नव्या मानकामुळे २०२७ पासून बहुतेक कंपन्यांना ते फायनान्सिंगमध्येच दाखवावं लागेल. डीएससीआर काढताना व्याज खाली हप्त्यात धरलेलं असतं, मग वरच्या कॅश फ्लोमधून ते आधीच गेलं असेल तर ते परत मिळवा, नाहीतर दोनदा वजा होतं आणि चांगला कर्जदार उगाच नापास होतो. दुसरी भाड्याची. आयएफआरएस १६ हे भाडेकरारांचं मानक २०१९ पासून लागू झालं आणि भाडेकराराचा खर्च घसारा आणि व्याजात विभागला गेला, त्यामुळे एबिटडा एका रात्रीत वाढला, आणि भाड्यातला मुद्दलाचा भाग फायनान्सिंगमध्ये गेल्यामुळे ऑपरेटिंग कॅश फ्लोही वाढला. धंदा तोच, जागा तीच, भाडं तेवढंच. ज्यांची खूप जागा भाड्याने आहे अशा कंपनीचे २०१८ आणि २०१९ चे आकडे शेजारी ठेवून "सुधारणा झाली" असं लिहिणाऱ्याने आधी भाडं परत वजा करून बघावं.

मग प्रपोजलमध्ये कुठे काय वापरायचं? कर्ज एकूण किती झेपेल, दहा वर्षांच्या टर्म लोनला धंद्यात दम आहे का, हे ठरवायला एबिटडा बरा, कारण त्यात एखाद्या वर्षाच्या उधारीचे चढउतार नसतात. अमेरिकेच्या बँक नियामकांनी २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एकूण कर्ज एबिटडाच्या ६ पटीच्या वर गेलं तर बहुतेक उद्योगांसाठी ती काळजीची बाब म्हटली होती, ती अशीच ढोबळ झेप मोजायची पद्धत. पण येत्या बारा महिन्यांचे हप्ते निघतील का, याचं उत्तर कॅश फ्लोकडेच आहे, आणि सीझनवर चालणाऱ्या धंद्यात तर वर्षाचा एकच आकडाही पुरत नाही, महिन्यावार मांडावा लागतो, कारण वर्षाला १.५ पट असणारी कंपनी माल भरायच्या चार महिन्यांत पूर्ण कोरडी असू शकते.

मी स्वतः नोट लिहिताना एबिटडावरून खाली कॅश फ्लोपर्यंतचा प्रवास एका छोट्या तक्त्यात मांडते, मध्ये टॅक्स, येणी, माल, देणी, प्रत्येकाची वेगळी ओळ, आणि सगळ्यात मोठ्या ओळीसमोर कर्जदाराचं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहिते. येणी २२० ने वाढली असतील तर गिराईकवार आणि वयवार यादी मागवते, सहा महिन्यांपेक्षा जुनं किती, एकाच गिराइकाकडे किती, आणि वर्ष संपल्यानंतरच्या दोन महिन्यांत त्यातलं बँकेच्या स्टेटमेंटमध्ये खरोखर जमा किती झालं. ही शेवटची माहिती कुठल्याच वार्षिक पत्रकात नसते, ती कर्जदाराकडून मागूनच घ्यावी लागते.