पीपीटी मिळाली म्हणजे लेक्चर झालं? नाही हो

"स्लाइड्स ग्रुपवर येतातच, हजेरी फक्त टक्क्यांसाठी" हे प्रत्येक बॅच पुढच्या बॅचला सांगत आलीय. थोडंफार खरं आहे, पण तेही फक्त मोठ्या लेक्चरपुरतं, जिथे १००-२०० जण ऐकतात आणि सर एकटेच बोलतात, आणि तिथेही सर कुठल्या स्लाइडवर दहा मिनिटं थांबले ते पीपीटीत दिसत नाही ना.

ट्युटोरियलला माणसं कमी, गणित तुम्ही सोडवायचं, तिसऱ्या ओळीत चिन्ह चुकलं की तिथल्या तिथे कुणीतरी बोट ठेवतं. सेमिनारला तर कुणी वाचून आलंच नाही तर चर्चाच होत नाही. आणि प्रॅक्टिकल? केमिस्ट्रीच्या टायट्रेशनमध्ये, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंब-थेंब सोडताना, एका थेंबाने फ्लास्क फिकट गुलाबी होतो, अजून दोन-तीन पडले की गडद, म्हणजे रीडिंग गेलं, आता हे दुसऱ्याची वही कॉपी करून हाताला कसं कळणार (कॉपी सगळेच करतात, असो).

२०१० मध्ये संशोधक क्रेडे आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र तपासले, तेव्हा कॉलेजच्या मार्कांशी हजेरीचं नातं प्रवेश परीक्षेच्या स्कोअरपेक्षाही घट्ट निघालं. अर्थात हजर राहून मार्क वाढतात की मुळात अभ्यासू मुलंच हजर असतात, हा वाद आहेच.